नॉर्मलचा रकाना

सर्जेराव खराडे अकराला आले,
उद्यमनगरचे टर्नर, अडतीस वर्षं लेथपुढं उभे,
त्याआधी पेठेच्या टीमचे लेफ्ट आउट.
"फायनलला गुडघा गेला, पण गोल झाला,"
मी पँट वर दुमडायला सांगितली तेव्हा म्हणाले.

बोराएवढे चकाकते गोळे चिकटवत गेले मी,
खुब्याच्या हाडावर, नडगीवर, घोट्याच्या उंचवट्यावर,
बोटानं हाड चाचपत.
"दृष्ट काढताय का काय, ताई?"

भिंतीवर आठ कॅमेरे.
फरशीत पुरलेली पाटी, फरशीच्याच रंगाची.
तिच्याकडे न बघता तिच्यावर पाय पडला पाहिजे.
तसं सांगितलं,
म्हणून ते पाचही फेऱ्या पाटीकडे बघतच चालले.

सहाव्या फेरीला रेषा उठली,
कुणी वाकळेखाली गुडघे उभे करून निजावं
तसे दोन उंचवटे.
उजव्या पायाचे बुटके. पाय भार चोरत होता.

"शाफ्टला प्ले आलाय," ते स्क्रीनकडे बघत म्हणाले,
"किती मायक्रॉन?"
इथं मायक्रॉन नाहीत काका, न्यूटन आहेत,
आणि गुडघा किती अंशात वाकला ते.
"म्हंजे अंदाजपंचेच की!"

तुलनेला कुणीतरी लागतं, साधारण त्याच वयाचं,
तक्रार नसलेलं.
फॉर्मवर त्या रकान्याचं नाव नॉर्मल.
बाकावर छबुताई बसलेल्या,
मांडीवर फायलीची पिशवी, पायाशी नवऱ्याच्या चपला.
तुम्हाला काही त्रास?
"मला काय धाड भरलीया!"

लुगडं वर खोचायच्या आधी
त्यांनी काकांना बाहेर पाठवलं.
लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झालेली.
गोळे लावताना कळलं,
हुपरीहून येणाऱ्या पैंजणांना घुंगरू जोडतात,
जमिनीवर बसून, सकाळचा स्वयंपाक उरकला की.

त्या चालल्या.
पाटीकडे बघितलंच नाही,
बघत होत्या दाराकडे, बाहेर खोकला ऐकू येत होता.
पहिल्याच फेरीत पाय मधोमध.

गुडघ्याच्या आतल्या बाजूवरचं आघूर्ण
काकांच्या जवळजवळ दुप्पट.
मी पाटीचं शून्य पुन्हा लावलं,
कॅमेरे पुन्हा जुळवले, त्यांना पाणी दिलं.
परत तेच.

दुखतं का हो?
"उठताना जरा भिंत लागती.
त्याला काय दुखणं म्हणत्यात व्हय?"

मग दोघं जिना उतरले.
त्यांचा हात हिच्या खांद्यावर,
एकेका पायरीला दोन्ही पाय टेकवत.
जिन्यात आमची पाटी नाही.

रकाना तसाच ठेवून मी जेवायला गेले.

तिसऱ्या दिवशी काउंटरवर एक पुडी आली,
ड्रॉइंगच्या कागदाची, तेलाचा डाग पडलेली.
आत एक चकाकता गोळा,
आणि टोकदार पेन्सिलीनं, मापं लिहावीत तशा अक्षरात:
हिच्या घोट्याला राहिला होता.
हिचे किती आले, ते कळवा.