पांढरं

किरण लुगड्यातून जातो,
मांसातून जातो, घामातून जातो,
अडतो तो फक्त चुन्यापाशी.
अडला की फिल्मवर पांढरं.
पारोळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात बावीस वर्षं
मी एवढंच करतो,
श्वास धरायला सांगतो
आणि अडलेल्याचा फोटो काढतो.

केवळबाई बहादरपूरची.
डेअरीच्या पायरीवर पाय सटकला,
कॅन वाचला, मनगट गेलं.
दूध सांडू दिलं नाही, हे तिनं तीनदा सांगितलं.
हात दुखतोय हे एकदाच.

फिल्म दिव्यावर लावली.
जिथं ठळक पांढरं हवं
तिथं पाटीवरचं अर्धवट पुसलेलं गणित.
हाडाचा तिसरा हिस्सा सरेपर्यंत
माझ्या मशीनलाही पत्ता लागत नाही,
इतकं गुपचूप चालतं हे.

गळ्यात तांदळाएवढ्या चार गाठी असतात, केवळबाई,
त्या दिवसरात्र हिशोब बघतात.
रक्तात चिमूटभर कमी पडलं तर काळीज चुकेल,
बोटं वळतील, म्हणून त्या
हाडाकडे माणूस धाडतात.
हाड देतं.
पाच बाळंतपणांत दिलं, अंगावर पाजताना दिलं,
पाळी गेली त्यानंतर तर
कुणी मागायच्या आधीच देत सुटलं.
रक्ताचा काटा जागचा हलला नाही कधी.
तपासलं असतं तर रिपोर्ट नॉर्मल आला असता.

हे मी मनातल्या मनात म्हणालो.
तोंडानं विचारलं, दूध घेता का?

ती हसली. वरचे दोन दात नव्हते.
"दूध ते डेरीले जास, भाऊ."
दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ मिळून अकरा लिटर,
एकतीस वर्षं.
मी गुणाकार सुरू केला आणि सोडून दिला.

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या,
तीळ, शेवग्याचा पाला, नाचणी,
आणि कोवळ्या उन्हात बसा म्हणाले.
"ऊन कमी शे का आठे?"
मे महिना. बाहेर पत्रा तडतडत होता.
तिच्या अंगावर पुरुषी फुलबाहीचा शर्ट,
डोक्याला रुमाल, तोंडाला पदर,
ऊन दारापर्यंत येऊन परत गेलेलं.
शेवगा गोठ्यामागेच आहे, म्हणाली,
पाला शेळी खाते.
मग धडक्या हातानं कनवटीची डबी काढून
"चुना ते मी रोज खास,"
आणि डोळा बारीक केला.
कोण कुणाची थट्टा करत होतं, सांगता येत नाही.

त्या रात्री घरी हंड्याच्या तळाचा थर खरवडला.
आमच्या बोअरचं पाणी जड,
साबण फेसत नाही, डाळ शिजत नाही,
बायको म्हणते, दगड पितो आपण.
खरंच आहे. माझ्या डाव्या मूत्रपिंडात
हरभऱ्याएवढा आहे एक,
माझ्याच मशीनवर काढलेला,
कसा लख्ख पांढरा!
नको तिथं साठतं, हवं तिथून जातं,
याला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही.

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं.
मोडीभोवती धूसर ढग धरलेला,
हाड पुन्हा लिहायला बसलेलं,
अक्षर वाकडं, पण लिहितंय.
तिनं चष्मा नसलेले डोळे फिल्मला लावले.
"हाई पांढरं ते दूधनंच शे का?"

थोडं दुधाचं, म्हटलं, थोडं तुमचंच जुनं,
दुसऱ्या हाडाकडून हातउसनं आणलेलं.

ती बराच वेळ बघत राहिली.
मग पिशवीतून डेअरीची पावती काढून
माझ्यापुढं धरली, वाचून दाखवा म्हणाली.
सकाळ : पाच लिटर सातशे पन्नास.
"रोज सहा ऱ्हास," ती म्हणाली,
आणि पावती घडी करून
चुन्याच्या डबीशेजारी खोचली.

बाहेर बाकावर एक पोरगा
कोपर धरून रडत होता.
मी दिवा मालवला. पुढचा.