एकतिसावी चाल

कुडचड्याच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
पाचव्या पटावर मी हरलो.
बेर्नाबेनं हात मिळवला, तळवा ओला होता;
मला वाटलं, उकाड्यानं.

निकाल वहीत चढला.
मग खाली चहावाल्याकडे
तोच डाव आम्ही पुन्हा मांडला.
एक काळं प्यादं वरच राहिलेलं,
त्याच्या जागी सोड्याचं बूच.

"हांगा," एकतिसाव्या चालीवर बोट ठेवून तो म्हणाला,
"तू घोडा मारला नाहीस."
फुकटचा घोडा. मी सापळा समजलो होतो.

"सापळा कसला, पुता! चुकून ठेवलेला.
अकरा मिनिटं तू विचार करत होतास,
मी छताचे वासे मोजत होतो.
सत्तावीस आहेत."

तीस वर्षं यानं जुवारीवर बार्ज हाकली,
खनिजानं काठोकाठ भरलेली, ओहोटीला,
तोंडावरची रेषही न हलवता.

आता घोडा मारून पाहिला.
बूच पुढे सरकलं, उंट गेला,
नवव्या चालीला त्याचा राजा कोपऱ्यात.
"रे थांब, हत्ती इकडे घेतला तर?"

आणि भाजी-पाव निवेपर्यंत घेत राहिला तो
हत्ती इकडे, हत्ती तिकडे,
वहीत जिंकलेला माणूस,
बशीशेजारी
निदान बरोबरी तरी शोधत.