नाळ उडते तोवर

सोहारला रात्री अडीच वाजता समुद्र ऐकू येत नाही,
एसी ऐकू येतो.
तीन नंबरच्या खोलीत मौझा, पहिलटकरीण.
चार्टवर मी लिहिते: सहा सेंटीमीटर.
आई म्हणाली असती, तीन बोटं झाली गो,
पाणी तापत ठेवा.

मौझाला खाटेवरून उतरवते.
चाल, म्हणते. श्वै श्वै.
कळ आली की माझ्या गळ्यात पड, गुडघे सैल सोड.
मूल खाली यायला निघालेलं असतं,
आपण बाईला आडवी पाडतो आणि वर म्हणतो, जोर लाव.
कोपऱ्यात तिची सासू, जुवैना,
मांडीवर थर्मास, ओठांत दुआ.
पहिल्या रात्री तिनं मला विचारलं होतं, तू दाया?
हो, म्हटलं. आमच्याकडे दाई.
एका मात्रेचा तर समुद्र आहे मधे.

माझी आई आडिवऱ्याची सुईण.
दोन पायली तांदूळ, एक नारळ,
मुलगी झाली तर कधी कधी नुसता नारळ.
नाळ कापायची घाई तिला खपत नसे.
उडतेय ना अजून? उडू दे.
पाहुणा निघाला तरी दारात बोलत उभा राहतोच की थोडा.

मिरजेला नर्सिंगच्या वर्गात
शिकवलं, ताबडतोब चिमटा लावा, कापा.
मी सुट्टीत घरी जाऊन आईला ते वाचून दाखवलं,
तेही मोठ्यानं, शेजारणींसमोर.
ती अळीव निवडत राहिली.
गेल्या वर्षी आमच्या वॉर्डात परिपत्रक लागलं:
नाळेचे ठोके थांबेपर्यंत वाट पाहावी.
मी त्याचा फोटो काढला.
पाठवायला कोणी नव्हतं.

पण आईचं सगळंच काही छापून यायचं नव्हतं.
माझ्या पाठच्या भावाच्या बेंबीवर
तिनंच राख लावली होती,
चुलीतली, वस्त्रगाळ, पिठासारखी मऊ.
सातव्या दिवशी त्याचा जबडा मिटला.
दूध ओठांवरून ओघळून कानात गेलं.
पाळणा माळ्यावरून उतरवलाच नाही.
त्यानंतर तिनं चाळीस तरी बाळंतपणं केली,
राखेला हात लावला नाही.
का, ते कुणाला सांगितलं नाही.
मला मिरजेला पाठवायला
हातातल्या पाटल्या मोडल्या, एवढंच.

चार वाजून दहा मिनिटांनी डोकं दिसलं.
मग खांदा, मग सगळाच मुलगा एकदम,
निसरडा, जांभळट, रागावलेला.
आईच्या छातीवर ठेवला तसा गुलाबी होत गेला.
नवीन डॉक्टर चिमटा घेऊन वाकले.
एक मिनिट, डॉक्टर.
माझ्या दोन बोटांत नाळ बोलत होती.

तेवढ्यात जुवैनाचा हात पिशवीत गेला,
काजळाची पितळी डबी.
बेंबीला लावायची, बाळ ठणठणीत राहतं.
मी तिचं मनगट धरलं.
माझं अरबी बाजारहाटापुरतं.
अखूय, म्हटलं, माझा भाऊ. एवढासा.
आणि आपला जबडा घट्ट मिटून दाखवला.

ती माझ्याकडे बघत राहिली.
मग तिनं दोन बोटं वर केली.
मौझाला ते दिसलं नाही, बरं झालं.
डबीचं झाकण लागल्याचा आवाज झाला.

नाळ पांढरी पडली, ढिली झाली.
कापली. कोरडी ठेवली.
खजुराचा कण तिनं नातवाच्या ओठाला टेकवला
तेव्हा मी मुद्दाम वेळ लिहीत पाठमोरी उभी होते.

ड्युटी संपता संपता थर्मास उघडला.
हुलबा. म्हणजे आपली मेथीच, गुळाऐवजी मध.
एक कप मौझाला.
दुसरा माझ्यापुढे.
मी कुठं बाळंतीण आहे, मी हसले.
जुवैनानं कप मागे घेतला नाही.