एक आड एक

गेटवर खाजामियाँनी कपाळावर पिस्तूल रोखलं.
चौतीस पॉइंट दोन.
"मेलेल्याचा आकडा दाखवायलंय मशीन," म्हणाले,
"पण तू तर घामाघूम हाईस. जा आत."
अकरा महिन्यांनी कुणीतरी मला आत जा म्हणालं.
घरी सगळे आतच राहा म्हणायचे,
ते आत वेगळं.

गंगाखेडहून एका सीटवर एक, अशी आले.
दैठणा गेलं, परभणीचं स्टँड आलं,
तोंडावरचा रुमाल सोडला नाही.
बॅगेत आईनं दिलेला कापूर, ओवा
आणि हमीपत्र:
'माझी पाल्य स्वतःच्या जबाबदारीवर वसतिगृहात येत असून
काही बरेवाईट झाल्यास...'
दादांनी ते टिंबांपर्यंत वाचलं,
टिंबांपुढं काही नव्हतं तरी वाचत राहिले.
मग सही केली, इतकी दाबून
की खालच्या पेपरवर उमटली.

कार्यालयापुढं फक्कीची वर्तुळं,
कबड्डीच्या मैदानाची उरलेली फक्की.
एक आड एक उभं राहायचं.

प्रयोगशाळेत फ्रिज उघडला.
लाइट कधी गेली, कधी आली, कुणाला ठाऊक,
माझ्या काचेच्या बशांत
मी पेरलं नव्हतं तेही उगवलेलं:
हिरवं, काळं, केशरी, मखमलीसारखं.
मॅडम दारातूनच म्हणाल्या, सगळं उकळून टाकून दे.
मी मास्कवर मास्क चढवला
आणि थोडा वेळ बघत राहिले.
सुंदर होतं, खोटं कशाला बोलू.

पेपरात हमखास येणारा प्रश्न, पाच मार्कांचा:
बियाण्यांचं विलगीकरण म्हणजे काय?
बाहेरून आलेलं बी थेट वाफ्यात टाकू नये.
वेगळं पेरावं, पानावर डाग येतो का पाहावं.
'यात बियाण्याचा दोष नसतो'
हे वाक्य मी दरवेळी जास्तीचं लिहायची.
त्याला मार्क नव्हते.

खोली एकोणीस. आता खोलीत एकच मुलगी.
दुसरी कॉट व्हरांड्यात काढा, रेक्टर मॅडम म्हणाल्या.
दुसऱ्या कॉटवर दैवशालाची गादी,
सुतळीनं बांधलेली, तिच्याच गाठीची.
खिडकीत तिचा टूथब्रश,
भिंतीवर तिच्या हातचं वेळापत्रक:
सोम, कणसं मोजणे. मंगळ, कणसं मोजणे. बुध, झोपणे.

वैशाखात तिचं लग्न उरकलं, पंचवीस माणसांत.
मांडव नाही, बँड नाही,
तिचे अण्णा म्हणे खूश होते, असा मोका पुन्हा यायचा नाही.
मी मोबाइलवर पाहिलं. नेटवर्क जायचं,
अक्षता हवेत थांबायच्या,
हवेतच, बराच वेळ.

फोन लावला. मागं कुकर.
"आलीस? चौथी ओळ हाय का आपली?"
"पाखरांनी खाल्ली. पाट्यांवरची अक्षरंबी गेली.
पण सांडलेलं उगवलंय बघ, गुडघ्याएवढं.
कोणत्या वाणाचं, कळंना."
"उपटू नको."
"हमीपत्र पाठवू का तुला? उद्या शेवटची तारीख."
शिट्टी झाली. अजून एक झाली.
"पालकाची सही कुणाची घ्यायची गं,
अण्णांची का ह्यांची?"

मी कागद उजेडाला धरला.
रकाना एकच होता.

संध्याकाळी मेसच्या खिडकीत गयाबाई,
लांब दांड्याच्या पळीनं वरण वाढायली.
"दोन डबे दे मावशी."
"दुसरी कुठंय?"
"यायलीय," म्हणाले.
रेक्टर मॅडमलाही तेच सांगितलंय,
कॉट अजून आतच आहे.

दोन डबे, एका हातात सॅनिटायझर.
वरण सांडू नये म्हणून
वर्तुळं न बघता हळूहळू चालत आले.
चपलेची फक्की
एकोणीस नंबरपर्यंत आली.