एवढंच

रामबागेतल्या दवाखान्यात
थावरी निहारच्या दाढांवर लेप लावते,
इवल्याशा ब्रशनं, पणती रंगवावी तसा.
पिवळट, चिकट, केळ्याच्या वासाचा.

"अर्धा तास काही खायचं नाही.
पोहे-जिलबी समोर आली तरी नाही."
"यात काय आहे?"
"फ्लोराइड. कीड लागत नाही त्यानं."

मग कोण जाणे का,
ती मास्क हनुवटीखाली ओढते.
पुढचे दात तपकिरी, कडांना झिजलेले,
पावसाळाभर बाहेर राहिलेल्या लाकडासारखे.

"हेही त्यानंच.
झाबुआकडे, आमच्या फळियात एकच हापसा.
बारा वर्षं तेच पाणी.
भावाचे तर गुडघेच वाकले."

निहार दातांकडे बघतो,
लेपाच्या डबीकडे,
परत दातांकडे.
"मग किती लावायचं?"

"बस, एवढंच."
करंगळीच्या टोकावर अंगठा टेकवून
ती तीळभर दाखवते. मास्क वर.

राजवाड्याच्या वळणावर कढईत जिलबी फुलतेय.
तो तिकडे बघत नाही, मला वेळ विचारतो.
अठरा मिनिटं झाली.
जीभ दाढांवरून फिरवत, जरा थांबून म्हणतो,
"हापशाला कुणी सांगितलंच नाही का,
एवढंच?"