चौदा

नळी तुटलेली नव्हतीच.
बाबांनी ती मुद्दाम चेपली होती,
इंजिनच्या अंगाला, अगदी बुडाशी,
पकडीनं दोन घड्या घालून वर हातोड्याचा एक घाव.
म्हणजे डायलमधला काटा झोपला नव्हता.
त्याला उपाशी ठेवलं होतं,
एकवीस वर्षं.

निमित्त आईच्या बुटांचं.
पांढरे, मोंतेविदेओहून मागवलेले, एल्बामावशीच्या लग्नासाठी.
ती मध्ये बसायची, मी दाराशी.
कार्मेलोच्या पुलाअलीकडे तांब्याला चीर गेली
आणि डॅशबोर्डखालून कढत काळं तेल
तिच्या पावलांवर. आधी थेंब, मग धार.
आई चर्चमध्ये अनवाणी गेली.
रात्री बाबा कंदील घेऊन बॉनेटखाली शिरले.

"काटा कशाला हवा? मला कान आहेत."
हे मी त्यांच्या ओठांवरून वाचलं.
मेंदूज्वरानं माझे कान नेले ते सातव्या वर्षी.
बाबा कानोसा घेऊन गाडी चालवायचे,
मान किंचित डावीकडे, तोंडात विझलेली सिगारेट,
चढावर कुठला तरी आवाज ऐकून
एकदम पाय काढून घ्यायचे.
मी तेव्हा त्यांच्याकडे बघायचे, रस्त्याकडे नाही.

मार्चमध्ये, द्राक्षं उतरायच्या आत, ते गेले.
एक्कावन्न सालची शेव्हरोले माझ्याकडे आली.
हिला चौदा पौंड दाब पुरतो, वहीत त्यांच्याच अक्षरात आहे.
चौदाखाली काय, ते लिहिलेलं नाही.
ते त्यांना ऐकू यायचं.

वॉशिंग्टनच्या दुकानात दोन मीटर नळी घेतली.
वॉशिंग्टन माझ्याशी ओरडून बोलतो,
मला ते त्याच्या मानेच्या शिरांवरून कळतं.
पितळी अंगठ्या त्यानं चार दिल्या, पैसे दोनचेच घेतले,
आणि हवेत बोटानं वेटोळं काढून दाखवलं, तीनदा.
जुनी नळी सरळ होती, तारेसारखी ताणलेली.
थरथरत्या इंजिनला सरळ बांधलेलं तांबं
कडक होत जातं, मग एक दिवस तडकतं.
ढील ठेवावी लागते.

मी ती थर्मासवर गुंडाळली.
माते प्यायला आणलेलं पाणी आत गरमच होतं,
तांबं हातात ऊबदार झालं, हवं तसं वळलं.
पत्र्याच्या भोकात नवं रबर, रबरातून नळी,
नट हातानं, मग पान्यानं पाव फेरा,
अजून थोडा. तिथेच थांबले. पितळ दुसरी संधी देत नाही.
वरचं टोक मोकळंच ठेवलं.

शेजारची नाहिआरा सीटच्या कडेला बसली,
पाय जेमतेम स्टार्टरच्या पेडलला पोचत होता.
मी हात वर केला. तिनं दाबलं.
तळव्याखाली पत्रा धडधडला.
नळीच्या तोंडाशी आधी काहीच नाही,
मग एक बुडबुडा, फुटला,
मग दुसरा,
मग मधाच्या रंगाचं तेल.
वाटलं होतं, दाबाची फक्त बातमी येत असेल वर.
नाही. तेल स्वतः चालत येतं, एवढ्या बारीक वाटेनं,
आणि काट्याला उठवतं.

वरचा नट आवळला. पुन्हा हात वर.
काटा हलला.
पाच. नऊ. जरा अडखळला,
माझ्याच छातीत काहीतरी अडखळलं,
बारा,
चौदा.

नाहिआरा काहीतरी ओरडत होती.
मी म्हटलं, मला दिसलं.

रविवारी आईला घेऊन पुलापर्यंत गेले.
दाराची जागा रिकामी असून ती मध्येच बसली.
जाताना मी काट्याकडे इतकी बघत होते
की तिनं माझी हनुवटी धरून रस्त्याकडे वळवली.
तिच्या पायांत घरातल्या कापडी चपला.
आणि पाय,
अजूनही,
उजवीकडे सरकवलेले.