दीड इंच

पाचव्या दिवशी रात्री दोनला नळ येतो.
आधी कोंडम्माच्या घागरीचा आवाज,
मग अख्ख्या गल्लीचा.
पांढरे कपडे आम्ही या पाण्यासाठी राखून ठेवतो.
बोअरच्या पाण्यात साबण फुटत नाही, नुसता चिकटतो,
चार धुण्यांत सदरा पिवळा पडतो
कावीळ झालेल्या डोळ्यासारखा.

अम्माच्या बोटांना तंबाखूचा वास असायचा.
हजार विड्या वळून झाल्या की ती बादलीपाशी बसायची.
कॉलरवर ओली वडी फिरवून
तशीच ठेवायची, पेटी बांधून होईपर्यंत.
ब्रश तिला चालायचा नाही.
"घासतीस काय गं, तवा आहे का ते?"
बटणं लावून, सदरा उलटा करून, मग बुडवायचा.
शेवटच्या बादलीत लिंबाची सुकी सालं.
नवी चादर पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात, आणि एकटीच,
नव्या सुनेला माहेरी एक दिवस जास्त ठेवावं तशी.

नान्ना मागावरून यायचे
केसांत सूत आणि कानांत माग घेऊन.
आमच्याशी ओरडूनच बोलायचे, रागावलेले नसतानाही.
अंगातला शर्ट बादलीत टाकू द्यायचे नाहीत.
"वारा लागू दे त्याला. रोज धुतलं की धागा थकतो."
रविवारी कपडे उजेडासमोर धरून बघायचे,
कोपरापाशी, काखेत,
कुठं आडवा धागा विरळ झालाय.
तिथं टाका, फाटायच्या आधीच.
फाटल्यावर सुई शोधणं म्हणजे त्यांच्या मते
वरातीमागून घोडं.

मला यातलं काहीच आवडायचं नाही.
मला दुकानाच्या पिशवीचा वास आवडायचा.

सातवीत माझ्या स्कर्टची दुमड सोडली.
खालून एक गडद निळी पट्टी निघाली, कोरी करकरीत,
आणि वरचा सगळा स्कर्ट
राखेत लोळून आल्यासारखा.
स्वप्ना हत्तुरे भर प्रार्थनेत म्हणाली,
"तुझ्या स्कर्टला काठ आलाय की!"
घरी येऊन मी तो भिरकावला.
अम्मानं उचलला, मांडीवर पसरला,
त्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिली.
मला वाटलं, आता ओरडा बसणार.
ती म्हणाली,
"एवढा रंग गेला होय माझ्या हातनं?"

दुसऱ्या दिवशी दोरी गच्चीवरून निघाली
आणि जिन्याखाली बांधली गेली.
सोलापूरचं एप्रिलचं ऊन कपडे वाळवत नाही, भाजतं.
तेव्हापासून आमच्या गच्चीवर फक्त मिरच्या.
जिन्यातून चढउतार करताना
प्रत्येकाच्या तोंडाला ओली बाही लागायची.
भाडेकरू कुरकुरले. अम्मा ऐकल्यासारखं करायची.

आता मी अक्कलकोट रोडला युनिफॉर्म शिवते.
दिवसाला इतके खिसे, पीसवर पगार.
कुठल्या कुठल्या गावांची पोरं ती,
कंपास, चिंचा, दगड, सगळं त्याच खिशात कोंबणार.
म्हणून कोपऱ्यावर मी मशीन एकदा मागे घेते,
दोन टाके जास्त.
संध्याकाळी माझे अकरा पीस कमी भरतात.
हे कुणाला सांगत नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय.

स्कर्टची दुमड मात्र माझ्या हातात नाही.
इराबत्ती मास्तर म्हणतो, अर्धा इंच, बस्स.
मी एकदा म्हटलं, पोरी वाढतात, मास्तर.
म्हणाला, "वाढू दे की. पुढच्या साली नवा घेतील.
नाहीतर तू काय खाशील, आणि मी?"
तेही खोटं नव्हतं.
मी मान खाली घालून अर्धा इंच मुडपत राहिले.

परवा सुट्टी झाल्यावर तोच मास्तर
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कापड घेऊन आला.
इकडं तिकडं बघून
माझ्या मशीनवर ठेवलं.
"पोरीचं आहे. सहावीत गेली.
दुमड जरा दीड इंच धर."

मी दोन धरली.
पैसे घेतले नाहीत.
एवढंच म्हटलं, वहिनींना सांगा,
उलटा करून, जिन्याखाली.